आक्काचं शिलाई मशीन

आक्का,

काल मीरासाहेब मिस्त्रीशी पैज मारली की तुझं खडखडणारं शिलाई मशीन मीच दुरुस्त करीन. तो म्हणला, "गेनूभाऊ, तुमाला सुईत दोरा ओवता येत न्हाई!" मी म्हणलं, हरलो तर मशीन डोक्यावर घेऊन चाकणच्या बाजारातनं फिरीन.

मशीन खोलून परत जोडल्यावर चार स्क्रू उरले अन् चाक जाम झालं. वर आणिक गल्लीत समद्यांना हसत सांगितलं, आक्कानंच बिघडवलं. तू ऐकलंस अन् आत जाऊन दार लावलंस. लई लाज वाटली.

तू शिवायला घेतलेल्या नवरीच्या चोळ्या परवा द्यायच्यात, ठाऊक हाय. मिस्त्री आजच नीट करून देतो म्हणलाय. मशीन डोक्यावर घेऊन त्याच्या दुकानी निघालोय, भर बाजारातनं, ओरडत, "आक्कानं न्हाई, मी मोडलं!"

वेशीपाशी येऊन बघ. हसलीस तर बरं वाटंल.

गेनू