बारशातलं भाषण आणि खाली चालू राहिलेली गाडी

आदरणीय भिकन दाजी यांस,

हेमराजचा वाकून नमस्कार. तुमची पाठ, रंजनाची तब्येत आणि बाळाची झोप ठीक असावी. (बाळाला माझ्या भाषणात झोप लागली होती, त्या खोलीत तेवढं एकच समाधानी दिसत होतं.) स्वाती, आमची लेक हर्षदा आणि मी, आम्ही तिघं खुशाल आहोत, म्हणजे फक्त तब्येतीने.

बारशाला मामाने दोन शब्द बोलावेत, असं तुम्ही मानाने म्हणालात. दोन शब्द म्हणजे आशीर्वाद, हे उधन्यातल्या तुमच्या खोलीत सगळ्यांना कळलं. मी कॉलेजात शिकल्यामुळे मला कळलं नाही. मी थेट पृथ्वीपासून सुरुवात केली. हवा बिघडली, पाणी आटलं, उन्हाळे वाढले आणि या सगळ्याचं मूळ एकच, माणसं फार झाली, हे मी तुमच्या चौथ्या लेकराच्या पाळण्याची दोरी हातात धरून सांगितलं. (मधूनमधून झोकाही देत होतो.) रंजना हसत म्हणाली, "दादा, यामाईन कोणतं परत करू, सांग." ती हसली म्हणून मला वाटलं, विषय रंगतोय. तुम्ही मान खाली घालून कपबश्या लावत होतात, तेही मला लक्ष देऊन ऐकण्याचंच लक्षण वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या धुरपदाबाई पदराने नाक धरून दारात आल्या. "भाऊ, पृथ्वीनं मांगून देखू. पहिले तुमनी गाडी बंद करा, पोरले धूर लागी ऱ्हायना." मग आठवलं. हर्षदाला गरम होतं म्हणून ती केक मांडीवर घेऊन खाली गाडीतच बसली होती, आणि तिच्या व केकच्या एसीसाठी मी इंजिन चालू ठेवून वर आलो होतो. गाडीचं तोंड गल्लीकडे, शेपूट बरोबर तुमच्या खिडकीखाली. मी पर्यावरणावर बोललो तेवढा वेळ गाडी बिचारी खालून माझ्या एकेका वाक्याला उत्तर देत होती. (केक तरीही वितळला.)

गाडी बंद करून वर आलो, तेव्हा कोणाच्या नजरेला नजर देववेना म्हणून पाळण्यात बघत राहिलो. तर बाळाखालच्या गोधडीत माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट! शेजारी स्वातीची साडी, सेलमध्ये घेतलेली, रंग आवडला नाही म्हणून टाकलेली. मोठीच्या अंगात हर्षदाचा फ्रॉक. दाजी, मी तुमच्या घरातली डोकी मोजत होतो, आणि तुमचं सहा जणांचं घर आम्हा तिघांच्या कंटाळ्यावर निभत होतं. घरी परत येऊन बसावं म्हटलं, तर आमच्याकडे सामानामुळे बसायला जागा नव्हती. चालायच्या मशीनवर कपडे वाळत होते. (चालायला आम्ही गाडीने बागेत जातो.) माणसं वाढल्याने काहीच बिघडत नाही, असं मात्र अजूनही मला लिहवत नाही, तेवढा प्रामाणिकपणा शिल्लक आहे, आणि बहुधा त्यामुळेच मी बारशाला बोलावण्यासारखा माणूस नाही. पण भार कोणाचा जास्त, हे आता मला कोणी समजावून सांगायला नको.

जावयाचा अपमान त्याच्याच घरात, त्याच्याच चहावर करणारा मेहुणा आमच्या खान्देशात तरी मीच पहिला असेन. आखाजीला रंजना येणार नाही, असा तुमचा निरोप मिळाला. आई-बाबांनंतर तिचं माहेर म्हणजे माझंच घर. सणाला ते बंद झालं, तर ते मी एका भाषणात बंद केलं, असं मला जन्मभर वाटत राहील. तुम्ही मला हवं ते बोला. तिला अडवू नका.

तुमचा लाजलेला मेहुणा,
हेमराज

ता. क. रंजनाला न्यायला मुराळी म्हणून मी स्वतः येतो. बसने.

ता. क. स्वाती विचारते, तुम्हाला फ्रिज हवा का? चांगला चालतो. नव्या फर्निचरशी रंग जुळत नाही, म्हणून दुसरा आणला. (वरचं पत्र तिने वाचलेलं नाही. मी वाचलं आहे, तरीही विचारतोय.)

ता. क. ऊन फार आहे, बाळाला बसने आणणं बरं नाही, तेव्हा गाडीच आणतो. इंजिन गल्लीच्या तोंडाशीच बंद करीन. तुम्हीही चला, दाजी. घेतल्यापासून तिच्या सातही सीट एकदाही भरलेल्या नाहीत. तुम्ही सहा आणि मी. एकसुद्धा माणूस जास्त होत नाही.