थरथर थोडी कमी करा

झारेचेन्स्क,
१४ ऑक्टोबर १९७८

प्रिय आस्या,

तुला, जावईबापूंना आणि धाकटीला माझे आशीर्वाद. मी ठीक आहे, तुम्हीही असाल. अक्षर पाहून दचकू नकोस. मी कोबी खारवायला बसले आहे, हात कोपरापर्यंत मिठात, म्हणून मी सांगते आणि नोन्ना लिहून घेते. नोन्ना म्हणजे आमच्या थिएटरातली ती उंच मुलगी. उन्हाळ्यात आली होतीस तेव्हा तू तिला जिराफ म्हणाली होतीस. (लिही गं, खरं तेच आहे.)

तुझं पत्र पोचलं. नदी गोठण्याआधी इर्कुत्स्कला ये, खोली रंगवून ठेवली आहे, आता नाटक पुरे, असं लिहिलंस. खाली जावईबापूंनी ‘याच’ एवढंच लिहिलं. त्यांच्या मानाने ते भाषणच झालं. पण मी तुला कळवलं होतं ना, नव्या नाटकातली कर्नलची विधवा मी करते आहे. इतकी वर्षं मी दाया केल्या, शेजारणी केल्या, एका नाटकात तर नुसता विंगेतला खोकला होते. आता तिसऱ्या अंकात सगळा रंगमंच अंधारात असतो आणि मी एकटी पेटता दिवा घेऊन या टोकापासून त्या टोकाला जाते, खिडकीत ठेवते. तोंडी एक शब्द नाही. ही भूमिका मला सोडायची नव्हती, म्हणून तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला.

यंदा मशरूम पुष्कळ आले. खालच्या प्रास्कोव्याबाईंनी बरण्या भरून पलंगाखाली लावल्यात आणि झोपताना दार आतून लावून घेतात, जणू मशरूम पळून जाणार आहेत.

मागे एक गंमत झाली. पावाच्या रांगेत माझ्या हातून भूमिकेची पानं सुटली, नेमकी चिखलात. तू विंगेतच वाढलीस, तुला सांगायला नको. पानं पडली की जिथे पडली तिथेच त्यांच्यावर बसायचं, मगच उचलायची, नाहीतर भूमिका हातची जाते. बसले झालं. मागची बाई म्हणाली, “आजी, भोवळ आली का?” मी म्हटलं, “नाही हो, भूमिका पडली.” “मग नीट बसा, घाई नाही,” म्हणाली आणि माझ्या मागे आपली जागा धरून उभी राहिली. कोट अजून डागाळलेला आहे.

तालमी छान चालल्या होत्या. तिसरा अंक पहिल्यांदा केला तेव्हा आमचे दिग्दर्शक अर्सेनी ग्लेबोविच खुर्चीतून उठले. “क्सेनिया ल्वोव्ना, ही हाताची थरथर कुठून आणलीत हो? त्या बाईचं सगळं एकटेपण दिव्यात उतरलं.” मी म्हटलं, “शोधावी लागते.” नव्या मुलांना त्यांनी माझा हात बघायला पुढच्या रांगेत बसवलं. कौतुक परत करायची आमच्या धंद्यात पद्धत नाही, मीही ठेवून घेतलं.

मग गेल्या आठवड्यात ते म्हणाले, “आता थरथर थोडी कमी करा. ज्योत विझेल.” मी बरं म्हटलं, दिवा घेऊन निघाले. “आणखी थोडी कमी.” मी परत पहिल्या टोकाला गेले. तिसऱ्यांदा ते पुढे येऊन माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांना कळलं. मी दिवा कसाबसा खिडकीत ठेवला आणि काखेतली पानं सुटली.

बसले. उठायला हात टेकला, तर उजव्या हातात बळच नाही. सगळे आपापले बूट बघत होते. नोन्ना विंगेतून आली आणि शेजारी फरशीवर बसली. “उठवू का?” “थांब जरा.” थोड्या वेळाने म्हणाली, “क्सेनिया ल्वोव्ना, खालून गार लागतंय.” तेव्हा मी पानांवरून बाजूला सरकले आणि म्हटलं, “आता तू बस यांच्यावर.” नको म्हणाली, तुमची आहेत म्हणाली. “बस म्हटलं ना, जिराफा.” ती बसली आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं, आस्या. तुझे वडील गेले तेव्हा वाटलं होतं तितकं.

कोबीचं खोटं सांगितलं. चिरला नोन्नाने, खारवला नोन्नाने, मी नुसती हुकूम सोडत बसले. हात वसंतापासून असाच आहे. जुलैत मी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचे आणि थंडी वाजते म्हणायचे; तू बिचारी लोकरीचे मोजे घेऊन आलीस. डॉक्टर म्हणतात, यापुढे सुधारणार नाही.

आता गंमत ऐक. अर्सेनी ग्लेबोविचना तीच थरथर हवी आहे आणि नोन्नाला ती येत नाही. तिचा हात दगडासारखा स्थिर. थरथरवला की ताक घुसळल्यासारखा दिसतो. (लिही.) म्हणून ती रोज तालमीनंतर येते, माझं मनगट धरून बसते आणि दुसऱ्या हाताने तसं करून बघते. काल जरा जमलं.

पहिला प्रयोग पुढल्या महिन्यात आहे. तो पुढच्या रांगेत बसून बघते आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसते. तोवर नदी गोठली तर गोठो, गाडी काही नदीतून येत नाही. जावईबापूंना सांग, ‘येते’.

खालची सही माझ्या उजव्या हाताने करते आहे. वाचता आली नाही तरी माझीच समज. आणि घाईत करणार नाही, नोन्नाला नीट बघायची आहे.

तुझी आई,
क्सेनिया