ताकदीची गोळी

४ मार्च
सूनबाईनं हिच्या बी.पी.च्या गोळ्या बदलून आणल्या! आजवर मीच आणायचो, आमच्या जुन्या मेडिकलमधून. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काम तिच्याकडे गेलं, तर ती थेट चौकातल्या जेनेरिकच्या दुकानात. तिथे म्हणे रांग दाराबाहेर. "बाबा, औषध तेच आहे, फक्त मोठ्या कंपनीचं नाव नाही." नाव नाही, मग आत खडू भरला तर कोण बघतंय? गोळी पिवळी. जुनी पांढरी होती. ही निमूटपणे गिळून मोकळी!

६ मार्च
मेडिकलवाल्याला फोन केला. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाला. त्याच्या त्या स्वरानं माझी झोप उडाली.

८ मार्च
ठरलं. कसाबसा जुन्या मेडिकलमध्ये जाऊन पांढऱ्या गोळ्यांची पट्टी आणली. सकाळी सूनबाई पिवळी देते. ती कामावर गेली की मी पांढरी देतो. हिला सांगितलं, ताकदीची गोळी आहे. "या वयात ताकद घेऊन कुठे कुस्ती खेळू?" म्हणाली आणि घेतली. खोटं बोललो, वाईट वाटतं. पण बायकोला खडूच्या भरवशावर सोडायचं का?

१५ मार्च
हिला गरगरतंय. उठताना भिंत धरते. मी म्हणतच होतो! जेवताना सूनबाईला सुनावलं — "वाचवा पैसे, माणूस गेलं तरी चालेल." मुलगा ताटावरून उठला. ती खाली मान घालून ताटातलं चिवडत बसली.

१६ मार्च
पांढरी चुकवत नाही. तेवढाच आधार.

१९ मार्च
पडली. न्हाणीघराच्या दारात. कपाळाला खोक, केवढं रक्त! ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हिचं डोकं सूनबाईच्या मांडीवर. मी टॉवेल हातात घेऊन नुसता उभा. बी.पी. इतकं खाली की नर्सनं पुन्हा मोजलं. डोळे उघडत नाही. हाक मारली तरी नाही. ही गेली तर मी काय करू?

२० मार्च
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही देत होतात का? सूनबाई रडायलाच लागली — "मीच गोळी बदलली हो." मुलगा तिच्याकडे बघेना. माझी पट्टी माझ्या खिशात. वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? पण डॉक्टरीणबाई नवीन औषध लिहायला लागल्या आणि माझा धीर सुटला. पट्टी टेबलावर ठेवली.

त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. "आजोबा, हे एकच औषध आहे. रंग वेगळा, कंपनी वेगळी. आजींच्या पोटात रोज दुप्पट जात होतं."

म्हणजे पिवळी आपलं काम चोख करत होती. मीच हिच्या जिवावर उठलो होतो. सूनबाईनं नुसते डोळे पुसले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलगा म्हणाला, "तुम्ही घरी जा, बाबा."

२२ मार्च
शुद्धीवर आली! मुलाचा फोन. सगळ्यांना ओळखते म्हणाला. दवाखान्यात गेलो, पण आत जायचा धीर झाला नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? जिन्यात सूनबाईची माफी मागितली. "चहा घ्या, बाबा," म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला. तिथेच रडू फुटलं.

२३ मार्च
आज गेलो. दाराशीच थबकलो. ही बारीक आवाजात सूनबाईला सांगत होती, "ह्यांच्या साखरेच्या गोळ्या संपल्या असतील गं. त्या चौकातल्या दुकानातूनच आण. दोन वर्षं मी तिथूनच आणतेय. डबीत भरून ठेव नि पट्टी फेकून दे. ह्यांना कळू देऊ नकोस हं — नुसतं ऐकूनच साखर चढायची!"