कोपऱ्यात केर काढणारी बाई

ताई, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत?

हे गेल्यावर एका सकाळी भांडी घासून, ओटा पुसून मी ह्यांचं वास्तुकलेचं पुस्तक विकायला काढलं होतं. कोपऱ्यांतली पेन्सिलीची चित्रं खोडत होते, तेवढ्यात तू ते हिसकावलंस. "अगं बये, राहू दे की!"

इथे कलेच्या पुस्तकांच्या दुकानात माझं बरं चाललंय. वेळेवर जेवते. परवा ॲनिमेशनच्या पुस्तकात वाचलं, पानोपानी चित्र जरासं बदललं आणि पानं भरभर सोडली की ते हलतं. ह्यांनी कोपऱ्यात काढलेली बाई केर काढत होती ना, दर पानावर थोडी सरकलेली?

तुझ्याकडच्या त्या पुस्तकाची न खोडलेली पानं भरभर सोडून बघ. ती मान वर करते का, तेवढं कळव.

काल मी कोरी वही आणली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ह्यांना दारात उभं केलं.

तुझी धाकटी