कच्चा लाल

४ मार्च

उद्याच्या मोर्च्याला प्रत्येकाच्या दंडाला लाल पट्टी हवी म्हणे! भाषणवाल्याचं फर्मान. रंगाच्या कारखान्यात कामाला आहे म्हणजे मी काय जादूगार? जेवणाच्या सुट्टीत मालकाचा डोळा चुकवून रंगवल्या. रंग पक्का व्हायला मीठ घालून उकळावं लागतं — वेळ कुणाला होता? चालतंय!

बहीण पट्टी बांधून आरशासमोर. "दादा, कशी दिसते?"

"माकड."

५ मार्च

"युद्ध थांबवा" दोनदाच ओरडलो असू. आधी पाण्याचे फवारे, मग काठ्या. विणकराच्या पोराचं डोकं माझ्या पायाशी फुटलं. तो आवाज कानातून जात नाही. मेला तो. भाषणवाला पहिल्याच फवाऱ्याला पसार! हरामखोरानं स्वतः पट्टीही बांधली नव्हती.

घरी बहिणीचा हात बोटांपर्यंत लाल. रक्तच वाटलं. माझा रंग होता.

६ मार्च

घासून तिची कातडी सोलली, डाग हलेना. कापडावर टिकला नाही, अंगावर बसला! पोलीस घरोघर दंड बघतायत. समोरच्या शिंप्याच्या पोरीला केसांना धरून जिन्यावरून ओढत नेलं.

माझे हात पाहिले. "रंगारी दिसतोय." सोडलं. बहीण पलंगाखाली होती.

७ मार्च

तिला कारखान्यात नेलं, तिचे दोन्ही हात खाकी रंगाच्या टाकीत खांद्यापर्यंत बुडवले. आता तीही रंगारी. मालकाला माणसं हवीच होती — सैन्याच्या गणवेशाचं कापड रंगवायचंय. ती माझ्या तोंडावर थुंकली. थुंक बाई, रोज थुंक. जिवंत राहा म्हणजे झालं.

११ मार्च

फौजदार आला. हात बघून गेला. वाचलो!

१५ मार्च

तिनं रंगवलेला तुकडा मी सहज भिजवला. पाणी खाकी! मिठाची पोती जशीच्या तशी.

"वेड लागलंय? गोळी घालतील!"

"तुझ्याकडूनच शिकले, दादा."

सगळं कापड पुन्हा उकळायला उठलो. विणकराचं पोर आठवलं. परत बसलो.

२२ मार्च

छावणीतून रंग गेलेलं कापड परत आलं. मालकानं सगळ्यांना रांगेत उभं केलं — "कुणाचं काम हे?" बहिणीनं पाऊल उचललं, त्याआधी मी बोललो — "माझं." मला गोदामात कोंडलंय. सैन्याची जीप येतेय. ती दार बडवतेय — "दादा, खरं सांग ना त्यांना!"

गप्प बस गं. एकदा तरी ऐक माझं.