सतराव्या चौकोनातला कापूस

॥ श्री ॥
कन्हेरी, ५ ऑक्टोबर १९९८

चि. योगिनीस, नागेशदादाचे आशीर्वाद.

तुझ्या शेतकी हापिसातल्या लोकांनी कापसाच्या रानात झेंडे रोवून चौकोन पाडले, तसा आमी एकेका चौकोनाचा कापूस वेगळा वेचून वजन लिहितोय. कागद सोबत हाय. रान एक, बी एक, पण सतराव्या चौकोनात मधोमध झाडं छातीला लागतात, बाकी गुडघ्याएवढी. तुझी सारजावहिनी म्हणते, उपग्रहाच्या यंत्राला आमचं रान दिसतं, तर तुझ्यासाठी नवरा दिसतोय का बघ.

एक समजंना. आई त्या चौकोनात पाय ठेवत न्हाय. आमची छकुली तिकडं गेली की बांधावरनं हाका मारती. इचारलं तर तोंडाला पदर लावती. तुला काय बोलली का?

माया राहू दे.
तुझा दादा

॥ श्री ॥
इंदापूर, ९ ऑक्टोबर

ती. दादास, योगिनीचा सा. न. वि. वि.

वजनं नकाशावर मांडली. सतराव्यात सात पावलांचा ठिपका उमटलाय, अगदी गोल. मग नोंदवही काढली. मातीचे नमुने घेताना आमचं गिरमिट सगळीकडे दीड हातावर मुरमाला अडलं होतं, तिथं मात्र मुठीपर्यंत आत गेलं. तेव्हा मी हसले होते.

खाली बुजवलेली विहीर असावी, असं साहेब म्हणतात. पाणी देऊ नकोस, माती खचेल. वहिनीला, छकुलीला तिथं जाऊ देऊ नकोस. आईला विचार. दुकानातला फोन लागत नाही, म्हणून पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देतेय.

धाकट्या बहिणीवर जीव असू दे.
योगिनी

॥ श्री ॥
कन्हेरी, १० ऑक्टोबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

पत्र काल दुपारीच मिळालं. पाणी आदल्या दिवशी दिलं हुतं. पळत गेलो, तर सारजा अन् छकुली सतराव्यातच वेचत हुत्या. वरडलो असतो तर दचकून पळाल्या असत्या. म्हणून बांधावरनं हळू सांगितलं, की वटीतला कापूस तितंच ठेवा अन् सावकाश या. छकुली हसत आली. मागनं सारजाबी आली.

आज सकाळी तितं झाडं न्हवती. भोक हुतं. खडा टाकला, आवाज लई उशिरा आला.

मग आई बोलली. दुष्काळात हीर आटली, मेंढरं आत पडाय लागली, तवा तोंडावर बाभळीची लाकडं टाकून वर पुरुषभर माती लोटली. वाटणीत ते रान कुणी घेणार न्हाय, म्हणून आज्यानं तिला गप बसाय बजावलं. ती गपच राहिली.

पण ती म्हणती, आज्या सांगायचा, हिरी दोन हुत्या. दुसरी कुठं, ते तिला ठावं न्हाय. घर अन् गोठा बांधला तवा ती मेंढरांमागं लांब कोकणात हुती. घराखालीच असली तर, म्हणून आमी सगळी शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन बसलोय. म्हस गोठ्यात हंबरती हाय. सोडाय आत जायाचं का न्हाय, ते ठरंना.

लोभ हाय तसा असू दे. गिरमिट घेऊन ये.
नागेशदादा