मारुतीतात्यांची कडबाकुट्टी

सोमवार, १० फेब्रुवारी २००३
बेल्हे

मारुतीतात्यांना जाऊन महिना झाला. आज काकूंना भेटायला गेलो, तर गोठ्यात मी बनवलेली पहिली कडबाकुट्टी उभी. रंगसुद्धा उडालेला नाही. म्हटलं, "काकू, तात्यांनी मशीन नव्यासारखी ठेवली."

"चालली कुठं ती?" काकू म्हणाल्या. "दोन-चार दिसांत पातं अडकाया लागलं. मग ह्यांनी कायम कोयत्यानंच कडबा तोडला."

चाकणची नोकरी सोडून मी इथे पत्र्याची शेड टाकली, तेव्हा हेच तात्या बैलबाजारात येईल त्याला सांगायचे, "आपल्या गावच्या पोराची मशीन घ्या, लई झ्याक चालती." त्यावरच गिऱ्हाईक आलं. पुढच्या मशिनी मी सुधारत गेलो. आता नारायणगावला कारखाना आहे, लोक उद्योजक म्हणतात. आणि तात्या कोयत्याने तोडत होते. मला नेहमी ओट्यावरच बसवायचे, गोठ्याकडे कधी नेलं नाही. रंगसुद्धा उडालेला नाही.

"मला सांगायचं तरी, काकू."

"मी म्हनलं व्हतं. तर म्हनले, आत्ता सांगितलं तर पोरगं शेड मोडून परत चाकणला जाईल. मागनं सांगू. ते ऱ्हाऊनच गेलं."

उद्या नवी बसवून देतो म्हणालो.

"कशाला रं? म्हशी मागल्या बाजारीच इकल्या."

चहा घेतला. घरी येऊन जेवलो. रडू येईल वाटलं होतं, नाही आलं. कारखान्यातून फोन आला, माल कधी पाठवायचा म्हणून. काहीतरी सांगितलं. काय, ते आता आठवत नाही.